बहिय्यानं धुतलेली चित्रं

इजिप्तमध्ये, नाईलकाठच्या एदफूच्या जुन्या देवळाला टेकून बहिय्याच्या बापाचं मातीचं घर होतं. म्हातारा उवैस दिवसभर दारात बसून असायचा. त्या हिवाळ्यात एक गोरा चित्रकार होडी घेऊन आला. गाव त्याला खवाजा म्हणायचं. त्याला देवळाचे खांब मोकळे दिसायला हवे होते, मध्ये घर नको होतं. त्यानं गावच्या शेखला दुर्बीण भेट दिली. दुसऱ्याच दिवशी शेखची माणसं कुदळी घेऊन आली. म्हातारा ढिगाऱ्यावर बसून राहिला, अन्न सोडलं, आणि बाराव्या दिवशी गेला.

बापाच्या चाळिसाव्या दिवसाचं उरकून बहिय्यानं खवाजाच्या होडीवर धुणं धरलं. ती कोण, हे त्यानं विचारलंच नाही. खानसामा शलबी मात्र ओळखून होता.

"तुला दुसरीकडं काम मिळेना होय?"

"मिळतंय की. मला हेच हवंय."

होडी सुटायच्या आदल्या दुपारी खवाजा शेखकडं जेवायला गेला. बहिय्यानं परातीत साबण कालवला, खवाजाची पेटी उघडली आणि जलरंगातल्या चित्रांचा गठ्ठा उचलून आणला. खांब, तोरणं, पहाटेची नदी. एकेक कागद ती बुडवी, चोळी, दोरीवर टाकी.

शलबी धावत आला. "अगं बये, चामडी सोलतील तुझी."

"सोलू देत. तू तुझी मसूर बघ, करपतीय."

तळाच्या कागदावर तिचा हात थबकला. भिंत, दार, दारात बा. त्याचा वाकडा अंगठासुद्धा टिपला होता. म्हणजे खवाजानं म्हाताऱ्याला नीट बघितलं होतं, आणि तरीही घर पाडवलं होतं.

शलबीचा आवाज उतरला. "एवढं लपव. बाची दुसरी काय आठवण आहे तुझ्याकडं?"

"झडती घेऊन परत नेतील. माझा बा यांच्या भिंतीवर लटकायचा नाही."

तो कागद तिनं सगळ्यात जास्त वेळ चोळला.

खवाजा परतला तेव्हा दोरीवर मळकट पांढरे कागद वाळत होते. शलबीनं त्याला सगळं सांगितलं, म्हाताऱ्यासकट. तो ओरडेल असं बहिय्याला वाटलं होतं. तो फळीवर बसून रडला. तिनं ते पोटभर बघितलं.

शेखनं तिला चावडीवर आडवं पाडलं. "माफी माग."

"कशाची? धुणं सांगितलं होतं, धुतलं."

तळव्यांवर वीस छड्या बसल्या. पंधरा दिवस तिला पाय टेकवेना. मावशी रोज हळद लावायची आणि रोज विचारायची, काय मिळवलंस. बहिय्याला झोप मात्र फार दिवसांनी गाढ लागत होती.