बयूमीकाकांची साक्ष

आमच्या कॉलेजात डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेचा पहिला प्रश्न असतो, जेवायला काय आहे? तो कोणी मोठ्याने विचारत नाही, एवढीच काय ती लाज शिल्लक आहे. उमेदवाराने परीक्षकांना जेवू घालायचं, ही रीत. या खेपेची उमेदवार इनास. तिची आई सकाळी मन्सूराहून गाडी करून आली ती भरलेली कबुतरं, कोफ्ता आणि भाताची परात घेऊनच. पोरगी अजून व्यासपीठावर चढली नव्हती आणि शेजारच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर पसरून झाली होती. ताटं मांडायला कोण? मी. माझं नाव शहाता, सत्तावीस वर्षं इथल्या लाकडाच्या वर्कशॉपचा उस्ता, म्हणजे मुख्य सुतार, आणि हातात कबुतरांची थाळी.

इनास आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला वस्तूंचं डिझाइन शिकवायची. तीन वर्षांपूर्वी ती वर्कशॉपमध्ये आली आणि म्हणाली, "उस्ता, आपली मुलं खुर्च्या काढतात, पण बसणाऱ्याकडे कधी बघत नाहीत. मला तेच तपासायचंय. निम्मा वर्ग दहा आठवडे गावात कारागिरांशेजारी बसेल, निम्मा इथेच कॉम्प्युटरवरून माहिती काढेल. मग बघू कोण काय शिकतं ते."

मी म्हटलं, "बाई, गावात धूळ आहे, माशा आहेत. तुझी मुलं दुसऱ्या दिवशी पळ काढतील."

"पळाली तर तेही लिहीन," ती म्हणाली.

अशी ती पोरगी. आमच्याकडे डॉक्टरेट करणारे आधी निष्कर्ष लिहितात आणि मग वर्षभर त्याला शोभतील असे आकडे शोधत बसतात. हिचं सगळंच उलटं.

गाव गीझाच्या पुढचं, खजुराच्या बागांतलं. तिथे झावळ्यांच्या दांड्यांची खोकी बनवतात. कारागीर दिवसभर जमिनीवर बसतो, डाव्या पायाच्या बोटांत दांडी पकडतो आणि ठोकून ठोकून भोकं पाडतो. चाळिशीत कंबर जाते. मुलांनी त्यांच्यासाठी बसायला ठेंगण्या बैठकी काढल्या, मी त्या बनवल्या. बारा कारागीर, बारा बैठकी. सहा गावात बसलेल्या मुलांच्या, सहा कॉलेजात बसलेल्यांच्या.

तीन आठवड्यांनी आम्ही बघायला गेलो. बारांतल्या अकरा कोपऱ्यात पडल्या होत्या. बयूमीकाका तिथले सगळ्यात वयस्कर, त्यांच्या बैठकीवर तर कोंबडी अंडी उबवत होती. काका ओशाळून हसले.

"रागावू नकोस पोरी. वीतभर वर बसलं की पायात जोर राहत नाही, दांडी निसटते. पण कोंबडी भलतीच खूश आहे हं!"

तेव्हा आम्ही तिघंच होतो, म्हणून खरं बोलले. मला वाटलं, ही आता रडणार. पण ती भराभरा वहीत लिहीत होती. दोन दिवसांनी मुलांशी बोलून वर्कशॉपमध्ये आली आणि म्हणाली, "उस्ता, दोन्ही गटांच्या बैठकी फसल्या. पण का फसल्या ते गावात बसलेल्या मुलांनी मला लगेच सांगितलं. बाकीच्यांना अजून वाटतंय की कारागीरच अडाणी. शिकणं शिकणं म्हणतात ते हेच ना?"

मी इतके डॉक्टर पाहिले, पण फसलेल्या कामावर इतकी खूश झालेली ही एकटीच.

तिचे मार्गदर्शक डॉ. वग्दी. या माणसाबद्दल बोलायचं म्हणजे नंतर चूळ भरावी लागते. वर्कशॉपमध्ये आला तर सुटाला भुसा लागेल म्हणून दारातूनच हाका मारतो. याला बढती हवी होती आणि बढतीला लेख लागतात. त्याने इनासची वही बघायला म्हणून नेली आणि परदेशातल्या एका नियतकालिकाला स्वतःच्या नावाने लेख पाठवून मोकळा झाला. त्यात लिहिलं, शंभरातले ब्याण्णव कारागीर बैठकीवर समाधानी. बारांतल्या अकरांनी फेकली होती, याने अकरांना ती आवडवली. आकडा तोच, नुसता उलटा केलेला. च्यायला, चोरी करायलासुद्धा थोडे कष्ट लागतात, या गृहस्थाने तेवढेही घेतले नाहीत.

इनासने प्रबंधात खरं तेच ठेवलं. आकडे बदल म्हणून वग्दी महिनाभर तिच्या मागे लागला होता. "अपयशावर डॉक्टरेट मागतेस? लोक हसतील."

"हसू देत, डॉक्टर."

शेवटी त्याने नाद सोडला आणि तारीख दिली. इतकंच नाही, बयूमीकाकांना आणायला स्वतःची गाडी पाठवली. मला तिथेच शंका यायला हवी होती.

सभागृहात पहिल्या रांगेत इनासची आई, मधे विद्यार्थी आणि शेवटच्या रांगेत इस्त्रीचा पायघोळ गलाबिया घातलेले बयूमीकाका. व्यासपीठावर एक बैठक मांडून ठेवलेली. इनास चाळीस मिनिटं बोलली, कुठेही न अडखळता. मग अलेक्झांड्रियाहून आलेल्या परीक्षक डॉ. सुहैर यांनी चष्मा काढला.

"म्हणजे या बैठकी कोणी वापरतच नाही? मग बाई, तू मुलांना शिकवलंस तरी काय?"

आवाज करडा होता, पण प्रश्न रास्त होता. उत्तर इनासकडे तयार होतं, शेवटचं प्रकरण सगळं त्यावरच होतं. ती तोंड उघडणार तोच वग्दी उठला.

"वाद कशाला घालायचा? वापरणारेच इथे आलेत. या काका, वर या. बसून दाखवा आणि सांगा यांना."

त्याला ठाऊक होतं काय होणार ते. गावचा म्हातारा माणूस, परक्यांसमोर आणि पोरीच्या आईच्या देखत, तिच्या हातच्या कामाला नावं ठेवेल? जीव गेला तरी ठेवणार नाही. वापरणाऱ्याचा अभ्यास म्हणतात तो वग्दीने एवढाच केला होता, पण पक्का केला होता.

काकांना इतकंच दिसलं होतं की चष्मेवाली बाई त्या बैठकीपायी आपल्या पोरीला झापतेय. ते चपला काढून व्यासपीठावर चढले, बैठकीवर टेकले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "देव हिच्या हातांना बरकत देवो. अशी आरामाची जागा मला माझ्या बापानेही दिली नाही. रोज बसतो. कंबर पंचविशीतली झालीय!"

टाळ्या पडल्या. हो, टाळ्या! मागून कोणी शिट्टीही मारली. इनास पांढरीफटक पडली.

"काका, पण ती कोंबडी..."

"कोंबडी? ती कापून खाल्ली केव्हाच," काका म्हणाले आणि अख्खं सभागृह हसलं.

डॉ. सुहैर हसल्या नाहीत. "तुझ्या प्रबंधात लिहिलंय की याच माणसाने बैठक नाकारली. मग ही माहिती आली कुठून? बनवलीस?"

तीन वर्षं धुळीत बसलेल्या पोरीला हे ऐकावं लागलं. ती म्हणाली, "उस्ता शहाता माझ्याबरोबर होते. त्यांना विचारा."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मी तिथे उभा, खांद्यावर टॉवेल, हाताला तूप. वग्दी गोड आवाजात म्हणाला, "बोल उस्ता. काका खोटं बोलतायत का?"

हरामखोराने प्रश्न कसा घातला बघा. सत्तरीच्या माणसाला भर सभेत खोटारडा म्हणायचं! म्हणून बोललो नाही, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण असं की माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत आणि वग्दी पुढच्या महिन्यात विभागप्रमुख होणार आहे.

"मी फक्त लाकूड कापलं, डॉक्टर," मी म्हटलं.

शी! मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. इनासने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं नाही.

परीक्षकांनी दहा मिनिटं दार लावून घेतलं. निकाल असा की डॉक्टरेट मान्य, पण चुकीची माहिती सहा महिन्यांत दुरुस्त करून मार्गदर्शकांच्या छापून आलेल्या लेखाशी जुळवून आणायची. नाही म्हटलं तर तीन वर्षं पाण्यात आणि वर माहिती बनवल्याचा ठपका. वग्दीने कागद पुढे सरकवला, पेनही स्वतःचं दिलं. इनासने आईकडे पाहिलं. आई डोळे पुसत शेजारच्यांना सांगत होती, माझी लेक डॉक्टर झाली. इनासने सही केली.

मग सगळे जेवायला. वग्दीने कबुतर दोन्ही हातांनी मोडलं, हाड चोखलं आणि बोटं चाटत डॉ. सुहैरना म्हणाला, "शेवटी वापरणाऱ्याचं म्हणणं खरं, नाही का?" तूप त्याच्या हनुवटीवरून ओघळत होतं. त्याने ताट पुढे केलं आणि मी त्यात आणखी भात वाढला.

निघताना बयूमीकाकांनी इनासला जिन्यापाशी गाठलं. मी रिकामी परात घेऊन मागेच होतो.

"घाबरली होतीस ना पोरी?" काका हळूच म्हणाले. "ती चष्मेवाली कशी तुटून पडली होती तुझ्यावर! म्हटलं, आपल्या पोरीची फजिती होऊ द्यायची नाही. सांभाळून घेतलं ना नीट?"

मला वाटलं, आता ही ओरडेल, निदान खरं काय झालं ते सांगेल तरी. इनासने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"हो काका. तुमच्यामुळेच निभावलं."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "मग पुढच्या वर्षीही पाठव तुझी मुलं," ते म्हणाले. "काय हवं ते बनवू देत. मी सगळ्यांना सांगून ठेवतो. आम्ही बाराही जण चांगलंच म्हणू."