जिन्यातल्या चाव्या

"पापा, आधी बसा. मग ऐका," सेफाकोर म्हणाली आणि तिने मोबाइल गर्शनच्या टेबलावर ठेवला.

"बसून ऐकण्यासारखं काय आहे? ड्यूटीवर आहे मी."

"बसा म्हणते ना!"

मुलींच्या हॉस्टेलच्या दारात गर्शन सव्वीस वर्षं दरवान होता; तिथल्या सगळ्या मुली त्याला पापाच म्हणत. मुलींचं ऐकायची सवय त्याला बायकोने लावली होती. तो बसला.

मोबाइलमधून कढईचा चुर्र आवाज आला. मग त्याची बायको पीस ओरडली, "सेफाकोर! पेज काय पितेस? माझ्या म्हाताऱ्याने चाव्या वाजवल्या बघ. पळ, गादी गुंडाळ आधी!"

संपलं.

गर्शनने टेबलाची कड धरली. पीसला जाऊन चौदा महिने झाले होते. तिचे फोटो घरात होते, कपडे होते, पेजेचं मोठं पातेलंही होतं. आवाज मात्र कुठेच नव्हता.

"परत लाव," तो म्हणाला.

तिने चारदा लावलं. चौथ्यांदा कुठे त्याला शब्दांचा अर्थ लागला.

"हे तुझ्याकडे कसं?"

"मागे एकदा पेज पिता पिता गावी, केटाला, आईसाठी बोलून निरोप रेकॉर्ड करत होते, त्यात आंटीचं ओरडणं आलं. आमच्या वर्गात प्रत्येकाने तीन मिनिटांची फिल्म करायची आहे, आपल्या कॉलेजातल्या दिवसांची. आपलेच फोटो, आपलाच आवाज. मी माझी दोन वर्षं सांगणार आहे. शुक्रवारी मोठ्या सभागृहात दाखवतील."

सेफाकोरची दोन वर्षं गर्शनला ठाऊक होती. तिच्यासारख्या, हॉस्टेलात जागा न मिळालेल्या मुली मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर चोरून राहत. सापडली तर तीही बाहेर आणि मैत्रीणही. महिन्यातून दोनदा, सकाळी सहाला, वॉर्डन मिसेस टामाक्लो तपासणीला येत. गर्शन पुढे असे. जिन्याच्या पायथ्याशी थांबून, हवी ती चावी सापडत नाही असं दाखवत, तो जुडगा खुळखुळवायचा.

ही युक्ती पीसची. मागच्या फाटकाशी ती कोको, म्हणजे आंबवलेल्या पिठाची पेज, आणि कोसे, म्हणजे चवळीची भजी, विकायची. "आकाशातल्या बापाची प्रार्थना मनात म्हण," तिने शिकवलं होतं. "ती संपेपर्यंत वाजव. तेवढ्यात गादी पलंगाखाली जाते." पण मागे मॅडम उभ्या असल्या की गर्शनचा धीर अर्ध्यातच सुटायचा आणि तो जिना चढू लागायचा. मग पीसची बोलणी. "अर्ध्या प्रार्थनेत कुणाची गादी गुंडाळून होते, सांग बरं!"

"यात तर सगळंच आलं की गं," गर्शन म्हणाला.

"म्हणून तर आले. तुमची पेन्शन आठ महिन्यांवर आहे. आंटीचा आवाज मी काढून टाकते. तुमच्या फोनवर पाठवते, घरी ऐकत बसा. फिल्ममध्ये कुणाचं नाव घेणार नाही."

"हो. काढ."

ती दारापर्यंत गेली. गर्शन मागच्या फाटकाकडे बघत होता. तिथे पीसच्या चुलीचे तीन दगड अजून होते. कुणाला ताप आहे, कोण उपाशीपोटी परीक्षेला निघाली आहे, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. ती वारली तेव्हा कॉलेजच्या सूचनाफळ्यावर एक ओळही लागली नव्हती. लागणार कशी? ती कॉलेजची कोण होती?

"सेफाकोर. राहू दे ते."

"अहो पापा, नोकरी—"

"जिवंत असताना ती कधी माझ्या सांगण्याने गप्प बसली का? आता मी तिला कसा गप्प बसवू?"

शुक्रवारी तो सभागृहात मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पडद्यावर पलंगाखालची गादी आली आणि पीस ओरडली. आधी हशा पिकला. मग कुणीतरी म्हणालं, "आंटी पीस!" मग इकडून, तिकडून, वरच्या सज्जातून, "आंटी पीस! आंटी पीस!" कितीतरी मुली उभ्या राहिल्या. इतक्या जणी होत्या, हे गर्शनलाही माहीत नव्हतं.

पहिल्या रांगेत मिसेस टामाक्लो हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवली आणि गर्शनकडे पाहिलं. तो टोपी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

शनिवार, रविवार कुणी काही बोललं नाही. सोमवारी तपासणी होती. सहाला मॅडम आल्या. गर्शनने आदल्या दिवशीच युनिफॉर्म धुऊन इस्त्री करून ठेवला होता, परत करायची वेळ आली तर असावा म्हणून. जिन्याशी आल्यावर त्याने जुडगा मुठीत घट्ट आवळला. एकही चावी वाजू दिली नाही.

"मिस्टर गर्शन."

"मॅडम."

"आज चावी सापडली वाटतं लगेच?"



मिसेस टामाक्लो खालच्या पायरीवर बसल्या. "माझे गुडघे दुखतात. जरा टेकते. तुम्ही शोधा निवांत."

त्याने मूठ सैल केली. चाव्या खुळखुळल्या. वरच्या मजल्यावर काहीतरी सरकलं, एक दार लागलं, कुणीतरी हसू दाबलं. अर्धी प्रार्थना झाली तसा सवयीने त्याचा पाय पायरीवर गेला.

त्याने तो मागे घेतला आणि आमेनपर्यंत वाजवत राहिला.