दोन वितींवर इंद्रधनुष्य

मेलेआनाने वेताची खुर्ची हातभर डावीकडे सरकवली, स्वतः तीत बसून पाहिलं आणि गवतावर पडलेली आपल्या डोक्याची सावली शोधली. मग एक डोळा मिटून हात लांब ताणला. सावलीवर अंगठा, तिथून एक वीत. करंगळी टेकली तिथे पुन्हा अंगठा आणि दुसरी वीत. करंगळी जास्वंदीच्या कुंपणाच्या बरीच वर, मोकळ्या आकाशात थांबली.

“तिथे,” ती म्हणाली. “तिथवर पाणी उडायला हवं.”

कुंपणापलीकडे ट्रकच्या हौद्यात तिचा दीर काइपो पाइप धरून उभा होता.

“वहिनी, तू हवामान खात्यातली म्हणून ऐकतोय. दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, डोकं ठिकाणावर आहे का?”

“कल्पना तुझीच होती.”

“माझ्या कल्पना हसायला असतात. करायला नाही.”

हिलोत, या बेटावरच्या पावसाळी गावात, इंद्रधनुष्यासाठी कोणी हातातलं काम टाकत नाही. दोरीवरच्या कपड्यांसारखं ते रोज कुठे ना कुठे लटकलेलं असतं. पण या खेपेला वारा पडला आणि तीन आठवडे आकाश कोरडं राहिलं. डोंगरउतारावरच्या या घराला नळ नव्हता. छपरावरचं पाणी टाकीत साठायचं, तेच प्यायचं, त्यातच धुवायचं. टाकी आता ठोकली की पोकळ वाजत होती.

आणि टूटू म्हणाली होती, आनुएनुए, म्हणजे इंद्रधनुष्य, दिसू दे, मग नाव ठेवीन.

टूटू ही मेलेआनाच्या नवऱ्याची, कावीकाची आजी. घरातल्या प्रत्येक मुलाचं नाव तिने ठेवायचं, ही रीत. म्हणून दोन महिन्यांची मुलगी अजून नुसती पेपे होती. पेपे म्हणजे बाळ, कोणाचंही. ती दिवस भरायच्या आधीच आली, हॉस्पिटलात काचेच्या पेटीत राहिली, घरी आली, गालांवर जरा मांस चढलं, तरी पेपेच. टूटूने तिला अजून मांडीवरही घेतलं नव्हतं.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेआनाच्या पहिल्या मुलाला टूटूने जन्मल्या दिवशीच आपल्या वडिलांचं नाव दिलं होतं. त्याने दुसरा रविवार पाहिला नाही.

रात्री मेलेआना पुन्हा पुन्हा उठून पेपेच्या नाकाशी बोट धरायची. श्वास लागायचा. तरी हाक मारावीशी वाटायची, आणि हाक मारायला काही नसायचं.

ऊन आणखी उतरलं. घराची सावली खुर्चीपाशी यायला अजून अवकाश होता. कावीकाने टूटूला हाताला धरून बाहेर आणलं.

“आज मला उन्हात का वाळत घालताय?”

“हवा बरी आहे, टूटू.”

“हवा आहे कुठे?” ती बसली. “आणि समुद्राकडे तोंड करून का? मला रस्ता बघायला आवडतो.”

“पाठीला ऊन लागेल. सांधे मोकळे होतील.”

टूटूने नातसुनेकडे पाहिलं. मेलेआना पेपेला छातीशी धरून तिच्या मागे उभी राहिली. कावीका टाकीजवळच्या पंपाकडे गेला.

पंप घरघरला. कुंपणामागून पाण्याचा फवारा उठला, वर जाऊन बारीक झाला आणि वाऱ्याशिवाय सरळ अलीकडच्या गवतावर उतरू लागला. प्रत्येक थेंबात ऊन शिरत होतं, आत वळत होतं आणि फुटून माघारी येत होतं. मेलेआनाने हे शेकडो वेळा कागदावर काढलं होतं. पण रंग खरोखर उमटले, आधी तांबडा, मग आतले बाकीचे, तेव्हा तिने पेपेचं तोंड तिकडे वळवलं.

टूटू बघत राहिली. तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते.

“आलं का?” कुंपणामागून काइपो ओरडला. “मला इथून काहीच दिसत नाही!”

मेलेआनाने डोळे मिटून घेतले. पंपाजवळ कावीकाने कपाळावर हात मारला.

“आलंय,” टूटू मोठ्याने म्हणाली. “पण डावा पाय लंगडा आहे. जरा डावीकडे मार.”

मग फवारा घाबरत घाबरत डावीकडे सरकला. कमान पुरी झाली.

“असं. आता बंद कर, गाढवा. टाकीत प्यायला तरी ठेवलंयस का?”

पाणी थांबलं. रंग विरले, तरी टूटू तिकडेच बघत होती.

“चुकलं आमचं, टूटू,” मेलेआना म्हणाली.

“हॉस्पिटलची ती खिडकी आठवते तुला? पेपेच्या पेटीसमोरची?”

“हो.”

“रोज दिसायचं त्या खिडकीतून. मी खुर्ची फिरवून बसायचे.” टूटूने तळवे झग्याला पुसले. “तो मुलगा गेला, तेव्हापासून तोंडातून नाव काढायला भीती वाटते गं. आण तिला इकडे.”

मेलेआनाने पेपेला तिच्या ओंजळीत दिलं. म्हाताऱ्या हातांनी बाळाचं वजन तोलून पाहिलं. टूटू वाकली आणि तिच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलली.

“काय ठेवलंत?”

“आधी तिला कळू दे. जेवायला सगळे जमले की मोठ्याने सांगेन.”

मेलेआनाला वाटलं होतं आपण हट्ट धरू. पण ती खुर्चीपाशी ओल्या गवतावर बसली, मग कुशीवर आडवी झाली. ओल कपड्यांतून आत आली. ती उठली नाही. कुठूनतरी काइपोची पावलं आली, पायातल्या चपला पाण्याने पचपचत.

“काय ठरलं मग? नाव...”

“हळू बोल. झोपलीय.”

“कोण, पेपे?”

“पेपे काय म्हणतोस? नाव आहे तिला,” टूटू म्हणाली. “ती टक्क जागी आहे. झोपलीय ती तिची आई.”