कट्ट्यावर न पोचलेलं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या अंगावरची निम्मी अक्षरं पुसली आहेत आणि उरलेली तेलाने काळवंडली आहेत. तेल कुठून आलं म्हणाल, तर माझे मालक दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे. सगळे त्यांना काटेवाले काका म्हणत. दुकान बंद करून घरी आले की नीट हात धुवायचाही त्यांना धीर नसे, आधी येऊन माझ्यासमोर बसायचे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक बाई माझी प्रत्येक कळ दाबून बघायची आणि पुढच्याकडे वळायची. तिने माझ्यावर जे लिहिलं त्याला काडीचाही अर्थ नव्हता, पण तिला घरी जायची घाई झाली होती हे मला कळलं. बोट कसं पडतं त्यावरून माणूस ओळखायची खोड मला तेव्हाच लागली. माझी एक अडचण मात्र आधीच सांगून टाकतो. माझ्यावर जे लिहिलं जातं ते मला कळतं, पण उत्तर पडद्यावर येतं. पडदा माझ्या डोक्यामागे असतो आणि मला मान वळवता येत नाही. काका मोठ्याने वाचायचे, म्हणून मला जगाचं काही कळलं.

काकांचा देवावर विश्वास नव्हता. "काट्यावर ठेवता येत नाही ते मी मानत नाही," असं ते म्हणायचे. शेजारच्या खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालता घालता काकू म्हणायच्या, "मग माझा राग ठेवून बघा एकदा. काटा मोडेल तुमचा." काकू रोज संध्याकाळी डोळे मिटून, हात जोडून प्रार्थना करायच्या. तेवढा वेळ काका माझ्यावर हळू बोटं चालवायचे. त्या घरात एवढीच तडजोड होती आणि ती दोघांनाही पुरत असे.

काकांसारखी देव न मानणारी माणसं इंटरनेटवर एका ठिकाणी जमायची. त्याला ते कट्टा म्हणत. तिथे कोणी आपलं खरं नाव सांगत नसे. काका तिथले 'तराजू' होते. एक 'मुंगूस' होता, एक 'कोरडी विहीर' होती. आता देव नाही यावर सगळ्यांचं एकमत झाल्यावर बोलायला उरतं काय? मग कोणाचा नळ गळतो, कोणाचा गुडघा धरतो, कोणाचा साहेब डोकं खातो, अशाच गप्पा जास्त चालायच्या. कट्ट्याची एक रीत होती. कोणी काहीही सांगितलं की बाकीचे विचारायचे, 'पुरावा?' आज चहा फक्कड झाला असं लिहिलं, तर पुरावा म्हणून रिकाम्या कपाचा फोटो टाकावा लागे. काका हे सगळं वाचून दाखवायचे आणि काकूसुद्धा हसायच्या. 'तराजूने आज कमाल केली' असं कोणी लिहिलं, की माझ्याच अंगावर मूठभर मांस चढायचं. खरं सांगतो, ते माझे सुखाचे दिवस होते.

एकदा 'कोरडी विहीर'ने लिहिलं, 'मुलाला फार ताप होता. काही सुचेना. मी हात जोडले.' काकांनी ते वाचलं आणि त्यांची बोटं माझ्यावर सपासप पडली. 'ताप मुलाला आला आणि वितळली तुमची बुद्धी!' ते वाक्य गेलं आणि कट्ट्यावर हशा पिकला. काकांनी ती सगळी वाहवा वाचून दाखवली. काकूंच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"त्यांचं मूल बरं झालं का?" त्यांनी विचारलं.

"तो मुद्दाच नाहीये."

"पण विचारलंत का तुम्ही?"

काकांनी विचारलं नव्हतं. कोरडी विहीर पुन्हा कट्ट्यावर आली नाही.

पुढे काकू आजारी पडल्या. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या, तेव्हा काय ते सगळ्यांना कळलं. त्या माझ्या शेजारच्या खाटेवर पडून असायच्या. एका संध्याकाळी म्हणाल्या, "अहो, हात जोडायला बळच राहिलं नाही. तुम्ही जोडून देता का?" काका उठून खाटेपाशी गेले. त्यांनी काकूंचे दोन्ही तळवे जुळवले आणि आपल्या हातांत धरून ठेवले. "तुम्ही काही म्हणू नका. नुसते धरा," काकू म्हणाल्या. मग रोज संध्याकाळी हे ठरूनच गेलं. एके दिवशी काकूंना तशीच झोप लागली, तरी काकांनी हात सोडले नाहीत. "हिला दुखू देऊ नकोस," असं ते पुटपुटले. मी ते ऐकलं. कोणाला म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

थोड्याच दिवसांत काकू गेल्या.

घरातली माणसं पांगल्यावर काका माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी लिहिलं, 'माझी बायको वारली. तिच्यासाठी मी हात जोडले. मला तुमच्याशी बोलायचं आहे.' मग बोट एंटरवर येऊन थांबलं. मुंगूस काही वाईट माणूस नव्हता, कट्ट्यावरचं कोणीच वाईट नव्हतं. पण काकांना आपलंच जुनं वाक्य आठवत असणार. त्यांनी सगळं एकेक अक्षर करून खोडलं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा लिहिलं आणि पुन्हा खोडलं. मित्रांनो, एंटरची कळ माझ्याच अंगावर आहे, पण ती मला स्वतःहून दाबता येत नाही. मी नुसता पडून राहिलो. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'सगळं ठीक. दुकानात काम फार आहे.' आणि ते पाठवलं. त्यावर काय उत्तर आलं ते मला माहीत नाही, कारण आता ते वाचून कोणाला दाखवणार?

महिन्याभराने काकांची मुलगी भेटायला आली. तिने टेबलावरची धूळ पुसली, मलाही पुसलं आणि विचारलं, "बाबा, तुमच्या कट्ट्यावरच्यांना आईचं सांगितलंत ना?"

"सांगितलं की."

"मग? काय म्हणाले?"

काकांनी माझ्यावर हात ठेवला, पण एकही कळ दाबली नाही. "सगळ्यांनी चौकशी केली. कोरडी विहीर म्हणून एकजण आहे, तिने तर फार आपुलकीने लिहिलं."

"बरं झालं बाई," मुलगी म्हणाली. "मला वाटत होतं, तुम्ही अगदी एकटे पडलात." दुसऱ्या दिवशी ती निश्चिंत मनाने आपल्या घरी गेली.

आता काका कॉम्प्युटर लावत नाहीत. माझ्यावर एक कापड टाकलेलं असतं. मला पुसा, जपा, असं काही मी तुम्हाला सांगणार नाही, माझं आयुष्य झालं. एवढंच मागतो, की कोणी तुम्हाला 'सगळं ठीक' असं लिहिलं, तर लगेच पुढच्या गप्पांना लागू नका. त्याआधी त्याने काय लिहून खोडलं, ते माझ्यासारख्याला कळतं, पण मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.