तळघरातला नंदादीप

हॅम्बर्गात पाऊस वर्षातून एकदाच येतो. फक्त आला की जायचं विसरतो. चौसष्ट सालच्या हिवाळ्यात तर त्याने असा काही मुक्काम ठोकला की एल्बे नदीतले मासे रस्त्याने फिरत, बाजारात स्वतःचा भाव विचारत आणि महागाईला नावं ठेवत घरी जात. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा.

अशा गावात सरलाला उडदाचे पापड वाळवायचे होते.

पण आधी घराचं सांगायला हवं. तिचा नवरा श्यामकांत जहाजबांधणीत डॉक्टरेट करत होता, आणि लग्न होऊन ती आल्यापासून दोघांचं बिऱ्हाड पाठीवर होतं. एका मालकिणीला हिंगाचा वास सोसला नाही, दुसरीला फोडणीचा आवाज. तिसरीला दोन्ही चाललं, पण तिच्या कुत्र्याने आक्षेप घेतला. शेवटी आल्टोना भागात फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ल्युडर्स भेटल्या. उंच, ताठ, आणि केस असे चापून बसवलेले की वादळानेही आधी परवानगी मागावी. त्यांनी वरचा मजला दिला, स्वयंपाकाला मोकळीक दिली आणि अट एकच घातली. जानेवारीत त्या बव्हेरियात बहिणीकडे जाणार. तेवढे दिवस तळघरातली हायत्सुंग या दोघांनी सांभाळायची. हायत्सुंग म्हणजे पाणी तापवून ते नळांतून घरभर खेळवणारी, खोल्या उबदार ठेवणारी गॅसची भट्टी.

"हायत्सुंग नीट, तर घर तुमचं," त्या म्हणाल्या. "नाहीतर फेब्रुवारीत दुसरं बघा."

मग त्यांनी दोघांना तळघरात नेलं. भट्टीच्या पोटात, काचेच्या झरोक्याआड, बोटभर निळी ज्योत तेवत होती. मोठा जाळ लागो न लागो, ही कायम जळते आणि वेळ आली की तीच जाळ पेटवते, असं श्यामकांतने समजावलं.

"म्हणजे नंदादीप!" सरला म्हणाली.

"अगं, यंत्र आहे ते."

"असेना का! तुपाऐवजी गॅसवर चालतो, एवढंच."

फ्राऊ ल्युडर्सनी बोट वर केलं. "ज्योत निळी, तर ठीक. पिवळी झाली, तर हा गॅसचा नळ बंद, खिडक्या उघड्या आणि सगळे घराबाहेर. जवळ कागद नको, चिंध्या नकोत, बाटल्या नकोत. आणि ती भिंतीतली जाळी कायम मोकळी. तिथून हवा येते."

सरलाने सगळ्याला मान डोलावली, पण जाळीचं तिने मनावर घेतलं नाही. या लोकांना हवेचं वेडच, हे तिने पुरतं ओळखलं होतं. बर्फ पडत असला तरी सकाळी उठून खिडक्या सताड उघडायच्या, गाद्या बाहेर लोंबत ठेवायच्या आणि वर "अहाहा!" करायचं. जाळी हा त्याच वेडाचा धाकटा भाऊ.

फ्राऊ ल्युडर्स गेल्या आणि सरलाचा नेम सुरू झाला. आंघोळ झाली की तळघरात जायचं, ज्योतीला नमस्कार करायचा, जमीन झाडायची. मालकिणीच्या हातून तिथे राहिलेली जुनी वर्तमानपत्रं आणि टर्पेंटाइनची बाटली तिने पहिल्याच दिवशी हलवली. देवासमोर कोणी अडगळ ठेवतं का? नळाशेजारच्या भिंतीवर एक कुंकवाचं बोटही उमटलं.

अशात भास्कर नावाचा त्यांचा विद्यार्थी मित्र बोटीने देशातून परतला आणि त्याने उडदाच्या पिठाची पिशवी आणून दिली. रविवारी गावातली मराठी मुलं जेवायला यायची होती. सरलाने पीठ कुटलं, पापड लाटले आणि वाळवायला तळघरातल्या लांब टेबलावर मांडले, भट्टीपासून चांगले दूर. तिथली कोरडी ऊब उन्हासारखीच वाटत होती. पण जाळीतून बर्फाळ झुळूक सरळ पापडांवर.

"गारठतील हो बिचारे," म्हणून तिने श्यामकांतचं धोतर घेतलं आणि जाळीत गच्च कोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं डोकं जड झालं होतं. ती खाली गेली, नमस्काराला हात जोडले आणि ते तसेच राहिले. मोठा जाळ लागला होता, पण रोजचा निळा, ताठ नव्हता. पिवळा, आळसावलेला, डोलणारा. झरोक्याच्या काचेवर काजळी.

"अहो! लवकर खाली या!"

श्यामकांत कपाळ दाबत आला. "वा! समईच वाटते की गं. छान दिसतोय जाळ."

"काल निळा होता. आणि तुमचंही डोकं दुखतंय ना? बंद करायचं का?"

"आज? अगं, आज फ्राऊ ल्युडर्स येतायत! गारठलेलं घर बघून त्या काय म्हणतील? त्या येईपर्यंत चालू दे. शिवाय नंदादीप म्हणतेस आणि विझवायला निघालीस?"

हे मात्र वर्मी लागलं. लावलेला नंदादीप आपल्या हाताने कधी शांत करू नये, हे आईने सासरी पाठवताना बजावलं होतं. आणि हे घर गेलं, तर पाचवं बिऱ्हाड शोधावं लागणार होतं. नळावर ठेवलेला हात क्षणभर अडला.

"विझवलेला दिवा परत लावता येतो," ती म्हणाली. "नवरा नाही लावता येत."

नळ बंद. मग श्यामकांतला दंडाला धरून वर, वाटेतली एकेक खिडकी उघडत, तशीच बाहेर बागेत. शेजारणीकडच्या फोनवरून तिने धुराडी तपासून साफ करणाऱ्या धुराडंवाल्याला बोलावलं. पावसात एका ब्लँकेटखाली उभ्या उभ्या दोघांची डोकी हळूहळू हलकी झाली.

काळे कपडे, काळी उंच टोपी असा धुराडंवाला हेर, म्हणजे श्रीयुत, क्लासन सायकलवरून उतरला, आणि त्याच्याच मागे टॅक्सीतून फ्राऊ ल्युडर्स. सताड उघडं घर, बागेत ओले भाडेकरू, दारात धुराडंवाला. त्यांची भुवई केसांपर्यंत गेली.

"हायत्सुंग?"

"मी बंद केली," सरला म्हणाली. "ज्योत पिवळी झाली होती."

घरात वारा खेळल्यावर सगळे खाली उतरले. हेर क्लासनने धुराडं तपासलं. ते मोकळं होतं. मग ज्योतीचं बिनसलं कशाने? सरलाने आठवून पाहिलं, कालपासून नवं काय झालं? आणि तिची नजर जाळीवर गेली. तिने पुढे होऊन धोतर ओढलं. ते निघालं, निघालं आणि निघतच राहिलं. तिच्या हातून सुटून ते तळघर भरून जिन्याने वर गेलं आणि त्याचं टोक बागेत पोचलं, असं शेजारीण पुढे कित्येक वर्षं शपथेवर सांगे.

"चूक माझी," सरला म्हणाली. "मला वाटलं, तुम्हा लोकांना हवेचा नुसता नाद आहे. ज्योतीलाही श्वास लागतो, हे कळलं नाही."

"पण हे आहे काय?" फ्राऊ ल्युडर्सनी धोतर उचललं.

"ते... नेसायचं असतं. यांचं आहे."

"एवढं? या माणसाला?"

काडीसारखा श्यामकांत ब्लँकेटमध्ये आणखी बारीक झाला. आणि फ्राऊ ल्युडर्स हसल्या. अशा हसल्या की इतकी वर्षं चापून बसवलेले केस एकदाचे सुटले.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मागच्या भाडेकरूने पिवळ्या ज्योतीवर घर तापवलं. का, तर मी रागावेन म्हणून! विषारी वायू नाकात गेला, इस्पितळात जाऊन आला. तुम्ही माझ्यापेक्षा ज्योतीला घाबरलात. गेनाऊ! अगदी बरोबर! मला घरात असंच माणूस हवं. फेब्रुवारीत कुठे जायचं नाही. मात्र पापड माळ्यावर."

हेर क्लासनने आधी पेटती काडी धरली, मगच गॅस सोडला. ज्योत उभी राहिली. निळी, ताठ. सरलाने हात जोडले. फ्राऊ ल्युडर्सनी तिला शिकवलं की धुराडंवाल्याच्या कोटाचं बटण धरलं की भाग्य उजळतं. तिने ते धरलं आणि फिटंफाट म्हणून त्याच्या काजळलेल्या कपाळावर कुंकू लावलं. रविवारी तोही पापड खायला आला. पुढे तो महिन्या-महिन्याला धुराडं साफ करायला येऊ लागला, आणि ते इतकं लख्ख झालं की वर बसणारे कावळे त्यात तोंड बघून जात.

पुढच्या जानेवारीत फ्राऊ ल्युडर्स पुन्हा बव्हेरियाला निघाल्या. किल्ल्या सरलाच्या हातात दिल्या. ज्योतीचं, नळाचं, जाळीचं काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून एवढंच विचारलं,

"आल्झो, बरं का सरला, धोतर कुठे आहे?"

"यांनी नेसलंय!" सरला ओरडली.

आणि दारात, बर्फात, धोतराचा सोगा सावरत उभ्या असलेल्या श्यामकांतने थरथरत हात हलवला.