चोळीबांगडीचं रान

झेंडूचे पान बोटांत चुरडले की जो उग्र, हिरवा, काहीसा भांडखोर गंध उठतो, तो सगुणाक्कांच्या हातांना बारमाही असे. सुगंध म्हणावा इतका तो सौम्य नव्हता, आणि आक्काही नव्हत्या. आश्विनातल्या पक्व उन्हात कमरेवर हात ठेवून त्या वाफ्याच्या कडेला उभ्या राहत, तेव्हा उतरतीचे ऊन नेमके त्यांच्या कपाळावर येऊन ठेपे. तिथली कुंकवाची मोकळी जागा कुणीतरी भरलीच पाहिजे, असा जणू त्याचा हट्ट. शिसवी अंगकाठी, उघडी मनगटे, आणि कणव घेऊन आलेल्याला उंबऱ्यातूनच परत धाडणारी नजर.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. कालव्याचे पाणी इंदापूरच्या माळांवर उतरले होते आणि साऱ्या मुलखाला उसाचे वेड लागले होते. मी बारामतीहून सायकलीला नकाशांची गुंडाळी बांधून, ज्याच्या दारी पाणी आले त्याच्या दारी बाग आखून देत हिंडत असे. पुण्याच्या सरकारी बागेतली नोकरी स्वतंत्र बाण्यापायी सोडली, असे मी सांगे. साहेबाच्या गुलाबांना मिठाचे पाणी पाजल्यावर तो बाणा जागा झाला, हे मात्र सांगत नसे. एका सावकाराच्या अंगणात मी असा देखणा गोल हौद आखला की त्याची बैलगाडी पुढे कधी वळलीच नाही. ती बिचारी उलटी हाकत बाहेर काढावी लागे. एवढ्या कीर्तीवर आक्कांनी मला अंथुर्ण्याला बोलावले, यावरून त्यांच्या धाडसाची कल्पना यावी.

त्यांच्या वडिलांनी लग्नात चोळीबांगडीला म्हणून लेकीला रानाचा एक तुकडा दिला होता. तिकडची ती जुनी रीत : लेकीने चोळीबांगडीसाठी सासरी कुणापुढे हात पसरू नये. आक्कांचे यजमान गेले, आणि धाकटे दीर तात्याराव यांनी सरळ हिशेब मांडला.

"वैनी, रान दिलं बांगडीसाटी. आता बांगडीच न्हाय, तर रान कशापायी? घरच्या रानात मिसळू, ऊस घालू."

"बांगड्या फुटल्या, भावजी," आक्का म्हणाल्या, "हात न्हाय फुटलं."

आणि त्या हातांनी त्यांना तिथे फुलांची बाग करायची होती.

मी माझ्या संस्कारांना जागून, अतीव संयमाने आराखडा रेखला. पांढरी तगर, पांढरा पारिजात, कोपऱ्यात बेल, मध्यभागी तुळस, जपाला दगडी कट्टा. विधवेच्या बागेला रंग शोभणार नाही, हा विचार मी कुणी न विचारताच केला होता आणि त्याबद्दल स्वतःवर प्रसन्नही होतो. आक्कांनी कागद सरळ धरला, उलटा धरला, मग माझ्याकडे पाहिले.

"नकाशेवाले, ही बाग हाय का माजी समादी?"

मी कागद परत घेऊन गुंडाळला.

"मालक गेलं. मी हितंच हाय. अबोली लावा. शेवंती लावा. लांबनं डोळ्यांत भरंल असा झेंडू लावा. अन् समदं रस्त्याच्या अंगाला लावा."

माझ्या आयुष्यात इतकी स्पष्ट मागणी कोणत्याही धनिकाने केली नव्हती. दुसरा आराखडा झाला. पांढरा रंग मी भीतीने वगळूनच टाकला. श्रावणाची तिरपी उन्हे आली आणि गेली, पावसाळा सरत आला, आणि भाद्रपदाअखेर त्या करड्या माळावर केशरी, पिवळा, विटकरी असा एक निर्लज्ज उत्सव पेटला. पहाटेच्या दवात आक्का वाफ्यांतून हिंडत. सुकलेले फूल खुडतानाची त्यांची ती चिमटी, मुलाच्या कानाला धरावे तशी, मायेची आणि दटावणीची. त्यांनी स्वतः कधी फूल माळले नाही. "डोई माजी, मर्जी माजी," एवढेच त्या म्हणत.

तात्यांनी मात्र गावभर उठवले, की या हातची फुले सवाष्णीला आणि देवाला वर्ज्य. चावडीने निवाडा केला : दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत एका तरी सवाष्णीने ही फुले माळली तर बाग राहील, नाहीतर रान उसात जाईल. आक्कांनी हे मान्य केले का, असे मला कुणी विचारले तर सांगतो, त्यांना ते विचारलेच नव्हते.

दसरा उजाडला. अख्खी बाग फुललेली, आणि रस्त्याने बायका पदर सावरत, नजर चुकवत निघून जात होत्या. दिवस कलला तसे तात्या बैल जुंपून आले. नांगराला हार होता तो बारामतीच्या बाजारातून आणलेल्या, प्रवासात मान टाकलेल्या झेंडूचा. माझ्यातला वीर जागा झाला. आराखड्याची गुंडाळी तलवारीसारखी उगारून मी बैलांपुढे उभा ठाकलो, पाटाच्या चिखलात घसरून बसलो, आणि डावीकडच्या बैलाने तो आराखडा शांतपणे चघळायला घेतला. माझ्या कामाची इतकी मनापासून दखल कुणीच घेतली नव्हती.

त्या हशात मागून एक बाई पुढे आल्या : पारूबाई, तात्यांच्याच घरधनीण. कपाळभर कुंकू, हातभर चुडा. त्यांनी आक्कांपुढे ओंजळ धरली. आक्कांनी तीत अबोलीचा गजरा ठेवला. तो पारूबाईंनी भर रस्त्यात, साऱ्या गावादेखत, अंबाड्यात खोवला.

"आगं, काड ते! काय करतीस?" तात्या ओरडले.

"जावंनं दिलेली फुलं हायती," पारूबाई मागे न वळता म्हणाल्या. "तुमी बैल बगा तुमचं. कागुद खातोय त्यो."

सूर्य अजून कासराभर वर होता. मग बायका आल्या. आधी एक, मग बोळ भरून. नांगर माघारी वळला, आणि आक्का ओंजळीमागून ओंजळ भरत राहिल्या. त्यांच्या ओठांवर विजय नव्हता. भाकरी थापून उठणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असते तशी, कामाची एक सरळ समाप्ती होती.

आक्का जाऊनही आता खूप ऋतू लोटले. गेलेल्या माणसाची जागा हळूहळू मिटत जाते, असे शहाणे सांगतात. पण अंथुर्ण्याच्या त्या वळणावर मी आजही सायकलीवरून उतरून चालतो, कारण काही माणसे नसतानाही आपल्या बांधावर उभी असतात, आणि काळाला त्यांच्या रानाला वळसा घालूनच पुढे जावे लागते.