फुगवायच्या गोळ्या

वाळवंटाच्या कडेला वसलेल्या आमच्या नुआकशॉट शहरात बारीक मुलीला कोणी मागणी घालत नाही. पूर्वी पोरींना मारून-मुटकून उंटिणीचं दूध पाजायचे. आता आम्ही सुधारलो. पावडर-लाली विकणाऱ्या बाईकडे गोळ्या मिळतात.

माझी धाकटी बहीण मकफूला चार महिने रोज त्या गिळत होती. तोंड ताटासारखं गोल झालं, पोट सुटलं, हातपाय मात्र काड्या. ओठावर लव आली, पोटावर जांभळे चरे उठले. बकरीलाही कोणी असं फुगवत नाही. तिला निदान चारा घालतात. नवऱ्यामुलाची आत्या तकबर मात्र म्हणाली, "माशाल्ला! चंद्र उगवलाय गं घरात!"

लग्न आठ दिवसांवर आलं तशा आईने गोळ्या बंद केल्या. काम झालं होतं ना. चौथ्या दिवशी मेंदी काढून घेता घेता मकफूला ओकली आणि आडवी झाली.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "काय घेत होती?"

"दूध," आई म्हणाली.

"आणखी?"

"खजूर."

तकबर शेजारीच बसली होती. गोळ्यांचं कळलं तर लग्न मोडणार. आईने माझ्या मांडीला चिमटा काढला.

"नाडी हाताला लागत नाहीये," डॉक्टर म्हणाला. "खरं सांगा, नाहीतर मुलगी जाईल."

"कॉर्टिझोनच्या गोळ्या," मी म्हणाले. "चार महिने. चार दिवसांपूर्वी एकदम बंद."

"सलके, जीभ झडो तुझी!" आई म्हणाली.

डॉक्टरने सुई टोचली, सलाइन लावलं. मग म्हणाला, "हे रसायन शरीर स्वतःच बनवतं. बाहेरून रोज मिळालं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी काम सोडून देतात. तुम्ही बाहेरचंही तोडलंत. आता तेच औषध चालू ठेवायचं, महिनोन् महिने, थोडं थोडं कमी करत."

"तेच ना?" आई म्हणाली. "मग माझं काय चुकलं?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला.

संध्याकाळी मकफूलाने डोळे उघडून पाणी मागितलं. तकबर उठली. मी म्हटलं, झालं, मोडलं. मोडू दे. बहीण तर जिवंत आहे.

तकबर माझ्या कानाशी वाकली. "दुकान कुठलं गं? आमची लेक नेबघूहा नुसती काटकी आहे."

मी खाटेकडे बोट दाखवलं. "आधी हिला बघा ना, आत्या!"

"बघितली की," ती म्हणाली. "छानच दिसतेय."